एकेचाळीस फुगे

या अंकात ज्यांनी आपल्या कामाबद्दल लिहिलं आहे, त्यांनी तीस-तीस वर्षं नोकऱ्या केल्या आहेत. कुणी साखर कारखान्यात केमिस्ट होते, कुणी पोस्टात, कुणी वालचंदनगरला फोरमन. माझी नोकरी म्हणाल तर बारामतीच्या एका कॉलेजात, 'कमवा आणि शिका'मधून, सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत रोजचे तीन तास. तेही तीनच वर्षं. मी संपादकांना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तीन वर्षांत काही चुकलं का?" मी म्हटलं, "चुकलं की." ते म्हणाले, "मग लिहा."

म्हणून लिहिते आहे. लिहिण्याची सवय नाही. जे झालं ते सरळ सांगते.

आमचं घर भिगवणजवळ. पप्पांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, त्यामुळे पहिलं वर्ष मी कॉलेजात चोरासारखी वावरले. कुठल्या दारातून आत जायचं हेसुद्धा दुसऱ्या मुली जायच्या ते बघून ठरवायची. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत काम मिळालं तेव्हा आईनं विचारलं, "काय करायचं असतं तिथं?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पुसायचं असतं."

ते काही अगदी खोटं नव्हतं. पहिले सहा महिने मी पुसतच होते. खोलीच्या किल्ल्या मुलाणी मामांकडे असायच्या. ते प्रयोगशाळेतले जुने परिचर, पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "भिंगाला बोट लावायचं न्हाय. बोटाला तेल असतंय."

"मामा, मी साबणानं हात धुतलेत."

"कितीबी धू. माणूस तेलकटच असतो."

सूक्ष्मदर्शक म्हणजे काय, हे ज्यांनी शाळेत एकदाच कांद्याची साल बघितली त्यांच्यासाठी सांगते. खाली दिवा, वर भिंगं, मध्ये काचेची पट्टी. पट्टीवर पाण्याचा थेंब, थेंबात जे बघायचं ते, आणि त्यावर कागदासारखी पातळ काच झाकायची. बाजूला दोन चक्र्या असतात. मोठी चक्री अंदाजाला, छोटी अचूक दिसायला. नवीन माणूस मोठीच फिरवत राहतो आणि भिंग काचेवर आपटतो. जुन्याचा हात छोटी चक्री सोडत नाही. ती पुढे-मागे, पुढे-मागे चालू असते, कारण एका वेळी वस्तूचा एकच पातळ थर स्पष्ट दिसतो. थर बदलत गेलं तरच कळतं की काय वर आहे आणि काय खाली. हे मला दुसऱ्या वर्षी चांगलं माहीत होतं. माहीत असूनही मी काय केलं, ते पुढे येईलच.

आमच्या खोलीत मशीन आहे ही बातमी गावोगाव गेलेली. इंदापूरकडचे एक तात्या एकदा पिशवीत डाळिंबाची पानं घेऊन थेट आत आले. खोली ज्यांच्या ताब्यात, त्या देशमाने मॅडम वर्गावर होत्या.

"पोरी, तेल्या हाय का बघ."

तेल्या हा डाळिंबाचा रोग. पानावर तेलकट डाग पडतात आणि बाग जाते. मी डागाचा तुकडा कापून थेंबात ठेवला. कापलेल्या कडेतून धुरासारखं काहीतरी पाण्यात वाहत होतं. ते जिवाणू. म्हणजे तेल्या. पण मला म्हणवेना.

"तात्या, असावा."

"असावा म्हंजी? हाय का न्हाय?"

"मी विद्यार्थिनी आहे. तुम्ही कृषी विज्ञान केंद्रावर दाखवा."

"यवढी मशीन घिऊन बसलीयस आन असावा म्हणतीयस! आमच्या गावात मशीन नसताना लोक असावा म्हणत्यात."

मुलाणी मामा हसून हसून स्टुलावर बसले. तात्यांनी जाताना चार डाळिंबं ठेवली. तीही कीड लागलेली निघाली.

आता माझ्या मुख्य कामाकडे येते. आमच्या देशमाने मॅडमचा विषय पेशीचं पटल. पेशीला तोंड नसतं. बाहेरच्या पाण्यातलं काही आत घ्यायचं तर ती स्वतःचं पटलच आत दुमडते, त्याची छोटी पिशवी करते आणि चिमटा काढल्यासारखी ती पिशवी तोडून आत घेते. पुस्तकात त्या पिशवीला 'पुटिका' म्हणतात. मॅडमनी मला हे समजावताना स्वतःचा पदर हातात घेतला. "रानातून येताना बाई पदरात शेंगा घेते आणि गाठ मारते ना? पिशवी वेगळी आणलेली नसते. अंगावरच्या लुगड्याचीच पिशवी होते. फरक एवढाच, की इथं ती गाठ तुटते आणि बाईच्या पोटात जाते."

मुलाणी मामा दारात उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, गाठीमागं गाठ तुटत गेली, तर लुगडं संपत न्हाय का?"

मॅडम पदर सोडून मामांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मामा, हाच प्रश्न आहे. लोक यावर आयुष्य घालवतात." तुटलेलं पटल पेशी परत वर आणून जोडते, पण किती, कधी आणि कसं, याचा शोध अजून चालू आहे. मामांनी दोन दिवस हे सगळ्या शिपायांना सांगितलं. "माझाच प्रश्न हाय," म्हणाले.

यासाठी आम्ही अमिबा वापरायचो. मोठा एकपेशीय जीव, सहज सापडणारा. भिगवणला उजनीचं पाणी मागे सरलं की काठाला उथळ डबकी राहतात. त्यातली कुजकी पानं आणि पाणी मी बाटलीत भरून एसटीने बारामतीला आणायची. बशीत ओतून त्यात उकडलेले गव्हाचे चार दाणे टाकायचे आणि आठ-दहा दिवस कपाटात ठेवायचं. मग तळाला अमिबा सापडतो. नुसत्या डोळ्याला पांढुरक्या ठिपक्याएवढा. भिंगाखाली कुणी काचेवर थुंकल्यासारखा दिसतो, आणि मग ती थुंकी चालायला लागते.

त्याला अगदी सौम्य मिठाच्या पाण्याचा थेंब दिला की तो चालायचा थांबतो. पाय आखडून घेतो, अंगावर आखूड बोटं काढतो. आणि नीट बघितलं तर त्या बोटांच्या टोकांपासून आत जाणारे बारीक बोगदे दिसतात. बोगद्याच्या आतल्या टोकाला पिशव्या सुटत असतात, एकामागे एक. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा श्वास धरून बसले होते. मामांनी पाठीवर थाप मारून विचारलं, "जिवंत हाईस ना?"

मॅडमनी मला काम दिलं: मिठाचं पाणी दिल्यावर किती पेशींमध्ये पुटिका दिसतात ते बघ, फोटो काढ, नोंद कर. फोटो म्हणजे मोबाईल डोळ्याच्या भिंगावर धरून. त्याला उजेड भरपूर लागतो, म्हणून मी खालचा दिवा पूर्ण वाढवून ठेवायची. आमचा सूक्ष्मदर्शक जुना, दिवा हॅलोजनचा.

कच्च्या वहीत मी मराठीत लिहायची. 'पुटिका' हा शब्द माझ्या जिभेवर बसत नव्हता, म्हणून मी तिथं 'फुगा' लिहिलं. पटलाजवळ गोल काही दिसलं की फुगा. पक्क्या वहीत उतरवताना 'फुगा'चं इंग्रजी 'व्हेसिकल' करायचं. मॅडम पक्की वही बघायच्या.

दोन महिन्यांत माझ्याकडे एकेचाळीस पेशींचे फोटो झाले. माझ्या लक्षात आलं होतं की पट्टी जुनी झाली की काम चांगलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत फारसं काही दिसायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी मात्र कडेनं टपोरे फुगे, मोजून घ्यावेत असे. मी मॅडमना अभिमानानं सांगितलंसुद्धा, "मॅडम, माझी पट्टी मुरली की जास्त छान होते." मॅडम म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे." त्या वाक्यावर मी आठवडा काढला.

त्याच सुमारास पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने काम शिकायला विद्यार्थी घेणार असल्याचं मॅडमना कळलं. तिथं आमच्या खोलीएवढा एकच सूक्ष्मदर्शक आहे, असं ऐकलं होतं. मॅडमनी फॉर्म आणला. 'आतापर्यंत केलेलं निरीक्षण' या रकान्यात माझ्या हातानं लिहिलं: एकेचाळीस पेशींमध्ये पुटिका तयार होताना पाहिल्या. मॅडमनी शिफारस लिहिली, प्राचार्यांचा शिक्का झाला. फॉर्म बुधवारी जायचा होता. आमच्या तालुक्यातल्या मुलीला अशी संधी पुन्हा कधी येईल, हे मला माहीत नव्हतं. मी मनानं पुण्याला जाऊनही आले होते.

बुधवारच्या आधीचा रविवार. मी पप्पांचा डबा घेऊन दुकानावर गेले. दुपारची वेळ, समोरच्या हॉटेलातून तळलेल्या मासळीचा वास येत होता. पप्पा एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक खोलून बसले होते. चाकाचा मालक बाकड्यावर वैतागलेला.

पप्पांनी फडक्याला हात पुसले. मी म्हटलं, "पप्पा, माझं काम बघायचंय?" आणि मोबाईल पुढे केला. बोटं काळी म्हणून त्यांनी बोटाच्या पेरानं फोटो मोठा केला. एक बघितला, दुसरा बघितला.

"हे कशाचं हाय?"

"अमिबा. एका पेशीचा जीव असतो."

"आन हे कडंला?"

"फुगे."

त्यांनी तिसरा फोटो बघितला. मग माझ्याकडे. "गेलं की हे."

"काय गेलं?"

"ह्यो जीव. फुगा आला म्हंजी गेला."

मला हसू आलं आणि रागही. "पप्पा, टायर नाही ते. हे चांगलं लक्षण असतं."

"फुगा आन चांगलं लक्षण?" त्यांनी बाकड्यावरच्या माणसाला हाक मारली. "आवो पाव्हणं, तुमच्या टायरला फुगा आला तर पेढं वाटता का?"

पाहुणे म्हणाले, "पेढं कशाचं, आत्ता तर टायरवाल्याचा बाप काढला."

पप्पा मला समजावायला लागले. गिऱ्हाइकाला समजावतात तसेच. "टायरच्या आतला दोरा तुटला की तितं जोर राहत न्हाय. मग आतली हवा तिथनं बाहीर याया बघती. त्यो फुगा. येतो कशानं? वजनानं, न्हाय तर उन्हानं. बहुतेक दोन्हीनं. ह्याच्यावर वजन किती व्हतं?"

"कशावर?"

"ह्या जीवावर. वर काय ठिवलं व्हतं का?"

"पातळ काच. कागदासारखी. तिला काय वजन?"

"तुला न्हाय. त्याला इचार. आन ऊन?"

मी म्हटलं, "तुम्ही जेवा." आणि मोबाईल काढून घेतला.

संध्याकाळी बारामतीला परतताना एसटीत खिडकीशी बसून मी फोटो परत बघायला लागले. पप्पांना खोटं पाडायला म्हणूनच. प्रत्येक फोटोखाली वेळ असते, आणि वहीत पट्टी कधी बनवली त्याची वेळ होती. मी एकेक जुळवत गेले. बारामतीचा स्टँड यायच्या आत जुळवून झालं. एकेचाळीसपैकी सदतीस फोटो वीस मिनिटांनंतरचे होते. दिवा पूर्ण, म्हणजे ऊन. थेंब सुकत चाललेला. आणि थेंब सुकला की वरची काच खाली बसत जाते. पेशीवर.

स्टँडवर मी उतरले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले.

सोमवारी सकाळी मामांच्या आधी मी दारात. मी एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती. अमिबा घेतला, साधं पाणी दिलं, मीठ दिलंच नाही. वर काच झाकली, दिवा पूर्ण वाढवला आणि बसले. मिठाशिवाय पिशव्या व्हायला नकोत, निदान इतक्या तरी. दहा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं झाली. कडेला एक फुगा आला. मग दुसरा. मग रांगेनं. अगदी माझ्या फोटोतल्यासारखे.

तेव्हा मी छोटी चक्री फिरवली, पुढे-मागे, जशी रोज फिरवायला हवी होती. फोटोच्या नादात मी एका थरावर मोबाईल रोखून धरायची आणि हात काढून घ्यायची. आता थर बदलत गेले तसं स्पष्ट दिसलं. फुगे कडेच्या आत नव्हते. बाहेर होते. पटल आत घेतलं जात नव्हतं, ते आतल्या दाबानं बाहेर येत होतं, जीव शिजत असताना. बघता बघता एक पेशी फुटली आणि तिच्यातलं सगळं पाण्यात पसरलं.

माझे सदतीस जीव मी दिव्यावर भाजले होते आणि त्यांचं मरण 'व्हेसिकल' म्हणून पक्क्या वहीत सुंदर अक्षरात लिहिलं होतं.

अजून एक करून बघितलं. काचेच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीनचे टिपके लावले, म्हणजे काच त्यावर टेकते आणि पेशीवर बसत नाही. दिवा अर्ध्याच्या खाली आणला. मीठ दिलं. आता तासाभरानंतरही अमिबा ठणठणीत. आणि त्याच्या आखूड बोटांतून बोगदे आत गेलेले, आतल्या टोकाला पिशव्या सुटत असलेल्या. बारीक, घाईनं, एकही टपोरी नाही. हे खरं होतं. फोटोत नीट येतसुद्धा नव्हतं.

मॅडम अकराला आल्या. त्यांच्या केबिनच्या बाहेर मी दोनदा जाऊन परत आले. फॉर्मवर शिक्का झालेला. मी काही बोलले नाही तर कुणाला कळणार नव्हतं. पुण्याला सदतीस पट्ट्या घेऊन जायच्या नव्हत्या, नुसता आकडा जाणार होता. चार फोटो तर खरे होतेच. मुलाखतीत तेच दाखवले असते. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, ते लपवत नाही.

मुलाणी मामा बाकावर बसून बघत होते. "काय गं, जा की आत. सासरी निघालीयस का?"

मी आत गेले. मॅडम माझ्याच फॉर्मला पिन लावत होत्या.

"मॅडम, आकडा चुकलाय."

"कुठला?"

"एकेचाळीस नाहीत. चारच आहेत."

मी सगळं सांगितलं. 'असावं' असं मी एकदाही म्हटलं नाही. मॅडमनी विचारलं, "हे कसं लक्षात आलं तुझ्या?" आणि इथं मी एक चूक केली. म्हटलं, "फोटोंच्या वेळा बघताना लक्षात आलं." पंक्चरच्या दुकानाचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. पीएच.डी. झालेल्या मॅडमसमोर निघालं नाही.

मॅडम उठल्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत आल्या. मी तीच साध्या पाण्याची पट्टी पुन्हा बनवली. त्या पाऊण तास भिंगावरून उठल्या नाहीत, छोटी चक्री हलत होती फक्त. मग चष्मा डोळ्यावर चढवला. "मागच्या शुक्रवारी विभागाच्या बैठकीत मी तुझा आकडा सांगितलाय," त्या म्हणाल्या. "मी तुझे फोटो बघितले, वही बघितली. पट्टी एकदाही बघितली नाही."

"मॅडम, चूक माझी आहे."

"तुझी वेगळी आहे. माझी वेगळी."

नवा फॉर्म मिळणार नव्हता. प्राचार्य मुंबईला गेलेले, शिक्का गुरुवारशिवाय नाही. मॅडमनी 'एकेचाळीस' वर एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि वर 'चार' लिहिलं. "खाली कारण लिही. दोन ओळींत." मी लिहिलं: उरलेल्या पेशींत दिसले ते उष्णतेने आणि काचेच्या दाबाने आलेले फोड होते. आपल्याकडे खाडाखोड केली की बाजूला सही लागते. मी केली. मॅडमनी माझ्या शेजारी त्यांची केली.

"खाडाखोड असलेला फॉर्म कधी कधी वाचतच नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि चार म्हणजे फार थोडे आहेत. कळतंय ना? पाठवायचा?"

"हो, मॅडम."

मामांनी तो पोस्टात टाकला. पुढच्या शुक्रवारी मॅडमनी विभागाच्या बैठकीत उभं राहून आकडा मागे घेतला. कुणीतरी हसलं म्हणे. मला मामांकडून कळलं. त्यानंतर मी त्या खोलीत व्हॅसलीनची डबी कधी संपू दिली नाही.

महिनाभर काही आलं नाही. मी आशा सोडली होती असं म्हणणार नाही, पण घरी विषय काढायचा बंद केला होता. मग मॅडमच्या ईमेलवर निरोप आला. मला बोलावलं होतं.

पुण्याच्या त्या खोलीत अंधार होता आणि थंडी होती, आणि सूक्ष्मदर्शक खोलीएवढा नव्हता, पण टेबल भरून होता. त्याचा प्रकाश पेशीच्या आरपार जात नाही. काचेला टेकलेल्या पातळ थरापुरताच पडतो. पटलातून एखादी पुटिका तयार होत असेल तर तिथं ठिपका उजळतो, आणि ती सुटून आत गेली की ठिपका विझतो. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी माझा फॉर्म समोर ठेवला आणि त्या आडव्या रेघेवर बोट टेकवलं.

"हे कुणी शोधून काढलं?"

माझी जीभ पुन्हा 'फोटोंच्या वेळां'कडेच वळली होती. मी तिला ओढून आणलं. "माझ्या वडिलांनी, सर. भिगवणला हायवेला पंक्चरचं दुकान आहे. त्यांनी फोटो बघून विचारलं, यावर वजन किती होतं."

सर हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. "नेमकं कसं म्हणाले?" असं विचारून त्यांनी सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं, ट्रॉलीच्या पाहुण्यांसकट. मग म्हणाले, "ठीक आहे. तू मोजायला बस."

त्या प्रयोगशाळेत सगळ्यात नावडतं काम तेच होतं. चित्रफितीत शेकडो ठिपके दिसतात. कुठला उजळून विझला, म्हणजे खरी पुटिका, आणि कुठला नुसता चिकटलेला कचरा, हे एकेक बघून ठरवायचं. इतरांनी महिनोन्महिने केलेल्या कामावर मी, भिगवणची मुलगी, काट मारणार होते.

संध्याकाळी पप्पांना फोन केला. आधी तुमचं नाव सांगितलं नव्हतं, आज सांगितलं, तेही सांगितलं. ते म्हणाले, "नाव जाऊ दे. काम काय दिलं?"

"दुसऱ्यांचं तपासायचं. खरं कुठलं, खोटं कुठलं."

"मंग शिव्या खायची तयारी ठिव. टायर गेलंय म्हटलं की गिऱ्हाईक आधी आपल्यालाच शिव्या देतं."

तिसऱ्या दिवशी नीरज नावाच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यानं मला त्याची चित्रफीत दिली. त्याच्या मते तिच्यात साठ पुटिका होत्या. मी दोन दिवस बसले. नऊ ठेवल्या. त्यानं यादी बघितली, मला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. चहाला सगळ्यांना विचारायचा, मला वगळून.

आठव्या दिवशी सकाळी तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. हातात पट्टी होती.

"ही आत्ता बनवली आहे," तो म्हणाला. "मी नंतर बघतो. आधी तू बघ."